बेचाळीस ग्रॅम ओल

"सत्तर? अहो बाई, चेलो आहे तो. अंडं नाही."

"काय आहे ते कळतं मला. दोन वर्षं मीच सांभाळतेय."

"याला सांभाळणं म्हणतात? हात लावून बघा. पोट फुगलंय त्याचं. आणि तारा कुठे चढून बसल्यात बघा. खालून माणूस सरपटत जाईल."

"तुम्हाला कोण जा म्हणतंय? ओल जरा जास्त झालीय. उतरेल."

"केव्हा उतरेल? आज गुरुवार. शनिवारी चारला पोरीची परीक्षा. मला घोडी घासू द्या. अर्ध्या तासाचं काम."

"घोडीला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे."

आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत सकाळी दहाला हे चाललं होतं. खोली एवढीशी, की दोघांना हातवारे करायचे तर आळीपाळीनेच करावे लागत होते. एका बाजूला माझी आत्या, जेमतेम पाच फूट, दोन्ही हात कमरेवर. समोर रंधाकाका. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. चाळीस वर्षं ते वाद्यं दुरुस्त करतायत, लाकडावर रंधा मारतायत, म्हणून सगळ्यांचे रंधाकाका. कानामागे पेन्सिल, हातात बोटाएवढी बारीक कानस. दोघांच्या मध्ये स्टँडवर चेलो, व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. आणि दाराशी, जमिनीवर, गुडघे छातीशी घेऊन बसलेली माझी ताई. डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. ती काही बोलत नव्हती, आणि आमच्या घरात ताई गप्प असेल तर प्रकरण गंभीर आहे असं समजतात.

घोडी म्हणजे लाकडाची पातळ कमान. चेलोच्या पोटावर ती उभी असते आणि चारही तारा तिच्या डोक्यावरून जातात. पोट फुगलं की घोडी उचलली जाते, घोडी उचलली की तारा. मग तार मानेवरच्या लाकडी पट्टीवर दाबायला बोटाला जास्त जोर लागतो. सगळ्यात जाड तार एरवी पट्टीपासून साडेसात मिलिमीटरवर असते. त्या सकाळी ती नऊवर होती. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. ताईच्या बोटांना विचारा.

आणि परीक्षा अशीतशी नव्हती. शहराच्या वाद्यवृंदात चेलोची एकच जागा निघाली होती, तीही चार वर्षांनी. ताईने त्यासाठी आठ महिने रोज पाच पाच तास घासले होते. पुढची जागा कुणी म्हातारं झाल्याशिवाय निघणार नव्हती, आणि आहेत ते सगळे तब्येतीने ठणठणीत.

आता आत्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर त्या सत्तरचा अर्थ लागणार नाही.

आत्या हॅचरीत काम करते. एकतीस वर्षं. तिथे कपाटांसारखी उंच उबवणी यंत्रं असतात, एकेका यंत्रात हजारो अंडी. एकवीस दिवसांनी पिल्लं. अंड्याला ऊब लागते हे कुणालाही माहीत असतं. ओलही लागते, आणि ती मोजूनमापून लागते, हे आत्याला माहीत आहे. पहिले अठरा दिवस हवेतली ओल पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे अंड्यातलं पाणी बेताबेताने उडतं. किती उडालं हे कळायला ती अंड्यांचे ट्रे तोलते. वजन उतरलं म्हणजे पाणी गेलं. शेवटचे तीन दिवस मात्र उलटं. ओल चढवून सत्तरवर न्यायची, नाहीतर पिल्लू कवच फोडायला लागलं की आतला पापुद्रा सुकतो आणि त्याच्या अंगाला चिकटून बसतो. बिचारं दाराशी येऊन अडकतं.

यंत्रांवर लाल दिव्यांचे आकडे असतात, पण आत्याचा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. "त्याला आकडा दाखवायला काय जातंय?" म्हणते. ती अंडं उचलून मिटल्या पापणीला लावते आणि सांगते, पाच नंबरचं यंत्र जरा तापलंय. तापलेलं असतं. घरीही तिचं सगळं त्याच हिशोबाने. मला लहानपणी ताप आला की ती दर तासाला येऊन माझी कूस बदलून जायची. अंडी तशी फिरवतात. मी झोपेत असले तरी फिरवायची. ताप उतरायचा, पण झोपेचं खोबरं व्हायचं.

चेलो आमच्या घरी आला तो ताईच्या सरांनी निवृत्त होताना दिला म्हणून. ती पहिलीच थंडी. आम्ही खोलीत हीटर लावायचो, चेलो भिंतीशी टेकवलेला. एका सकाळी कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी तसा आवाज आला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो, की कुणी कुणाला मारलं. चेलोच्या पुढच्या फळीला वीतभर चीर गेली होती. रंधाकाकांनी ती सरस लावून सांधली, आतून लाकडाच्या बारक्या चकत्या बसवल्या, आणि समजावलं की हीटरने हवा सुकते, हवा सुकली की लाकूड आक्रसतं, आणि आक्रसायला जागा नसली की फाटतं. ताई रडत होती. आत्याने एवढंच विचारलं, त्या वेळी खोलीत ओल किती होती. कुणालाच माहीत नव्हतं. ताईला नाही, काकांनाही नाही. आत्या आमच्याकडे अशी बघायला लागली, जसं काही आम्ही अंडी गच्चीवर वाळत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती हॅचरीतून मोडीत काढलेल्या दोन वस्तू मागून घेऊन आली. एक ट्रे तोलायचा काटा. दुसरी, एका फळीवर शेजारी शेजारी बसवलेले दोन थर्मामीटर. एक साधा. दुसऱ्याच्या बुडाला सुती वात बांधलेली, वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भरभर उडतं आणि ओला थर्मामीटर साध्याच्या खाली खाली जातो. दोघांमधलं अंतर बघायचं, तक्त्यात शोधायचं, की ओल कळली. आत्याला तक्ता लागत नाही.

त्या दिवसापासून चेलो घरातला बडा पाहुणा झाला. बाहेरच्या भिंतीशी ठेवायचा नाही, खिडकीशी नाही, हीटरसमोर तर नाहीच. खोलीच्या मधोमध. थंडीत पेटीमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, तोही पिळून, थेंब गळता कामा नये. दमट दिवसांत स्पंज बाहेर आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आत. दर रविवारी चेलो मऊ घडीवर आडवा करून काट्यावर चढवायचा आणि वजन वहीत. तीन किलो एकशे चार. एकशे दोन. एकशे पाच. दोन वर्षांत ओल पंचेचाळीसच्या खाली गेली नाही की पंचावन्नच्या वर आली नाही. रंधाकाका दर सहा महिन्यांनी बघायला यायचे आणि करण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून जरा नाराज होऊन परत जायचे.

मग सत्तर कुठून आले?

सोमवारी ताई परीक्षेचा हॉल बघून आली. म्हणाली, मंचाच्या दोन्ही बाजूंनी हे एवढाले हीटर गरम वारा फेकतात, पाच मिनिटांत ओठ फुटतात. तिने सहज सांगितलं आणि जेवायला बसली. आत्या जेवायची थांबली. तिच्या डोक्यात एक हिशोब सुरू झाला, आणि तो हिशोब जगात फक्त तिच्याच डोक्यात सुरू होऊ शकला असता. बाहेर पडायला शेवटचे दिवस उरलेत. बाहेर हवा कोरडी आहे. म्हणजे आत आधीच ओल भरून ठेवायला हवी. तिने कुणाला विचारलं नाही. एकतीस वर्षं जे विचारावं लागलं नाही, ते आता का विचारायचं? खोलीत पाण्याचे चार पसरट ट्रे आले, दोरीवर ओले पंचे आले, आणि दार बंद झालं.

ताई म्हणाली, खोलीला धोब्याच्या दुकानासारखा वास येतोय. आत्या म्हणाली, येऊ दे. मंगळवारी ताईला तारा जड वाटल्या. तिला वाटलं, आपल्याला दडपण आलंय. बुधवारी बोटांना फोड आले. तिला वाटलं, आपले हातच गेले, आठ महिने पाण्यात गेले. रात्री तिने मला हळूच विचारलं, परीक्षेचा अर्ज मागे घेता येतो का. त्या बिचारीने दोन दिवस सगळा दोष स्वतःला दिला, आणि भिंतीपलीकडे चेलो निवांत पाणी पीत होता. गुरुवारी सकाळी सूर लावायला गेली तर खुंटी फिरेना, फुगून भोकात घट्ट बसलेली. मी रंधाकाकांना फोन केला. ते आले, पंच्यांखालून वाकून आत गेले आणि विचारलं, इथे ओल किती आहे. आत्याने जराही न लाजता सांगितलं, सत्तर.

तिथून ते भांडण सुरू झालं होतं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. घोडी वरून दीड मिलिमीटर घासली की तारा जागेवर येतात, पोरगी शनिवारी वाजवते, बाकीचं नंतर बघू. आत्याचंही सरळ होतं. आज घोडी घासली आणि शनिवारी हॉलच्या कोरड्या हवेत पोट खाली बसलं, तर तारा पट्टीवर आपटतील. खरखर होईल. घासून उडवलेला भुसा परत घोडीला चिकटवणार आहात का? यावर काकांनी कानस खाली केली. कारण ते बरोबर होतं, आणि ते एका हॅचरीवालीने सांगितलं होतं.

तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. जमिनीवरूनच.

"आत्या, मला विचारलं का नाहीस?"

आत्याचे कमरेवरचे हात खाली आले. "विचारायला हवं होतं," ती म्हणाली. तिला मी हे वाक्य म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

ताई उठली. चेलो आडवा करून काट्यावर ठेवला. तीन किलो एकशे शेहेचाळीस. म्हणजे बेचाळीस ग्रॅम जास्त. एक छोटं अंडं, आत्या पुटपुटली, आणि काकांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचं गिळलं.

आता खरी गंमत सुरू झाली. बेचाळीस ग्रॅम पाणी लाकडातून बाहेर काढायचं. हीटर लावून भसकन काढता येत नव्हतं, कारण जुनी चीर. लाकूड घाईने सुकलं की सरसाचा सांधा उकलेल, असं काकांनी बजावलं. आत्या म्हणाली, तासाला एक ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. काकांनी विचारलं, कशावरून. म्हणाली, अठरा दिवसांत अंड्याला जेवढं सोसतं त्यावरून. काकांनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्याकडे दुसरा आकडा नव्हता. गुरुवार सकाळचे अकरा ते शनिवार दुपारचे चार, त्रेपन्न तास. बसत होतं. जेमतेम बसत होतं.

ताईने दोघांना ऐकवलं. आत्ता घासायचं नाही. पण शनिवारी दोन वाजेपर्यंत तारा उतरल्या नाहीत, तर कानस काकांची आणि मध्ये कुणी पडायचं नाही. दोघांनी मान हलवली, एकमेकांकडे न बघता.

मग आत्याने घर ताब्यात घेतलं. हॅचरीत फोन करून दोन दिवस रजा सांगितली. बॅच चालू असताना तिने रजा घेतल्याचं ऐकून पलीकडच्या माणसाने घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारलं. ट्रे गेले, पंचे गेले. ओल शोषणारे दाणे मंद आचेवर शेकून, गार करून, खोलीच्या चार कोपऱ्यांत पसरले. बाहेर कडक कोरडी थंडी होती. तिने खिडकी एक बोट उघडली, पंखा सगळ्यात हळू लावला, तोंड भिंतीकडे. ओल टप्प्याटप्प्याने उतरवायची होती, दुपारपर्यंत पासष्ट, संध्याकाळी साठ, सकाळी पंचावन्न. आम्हाला ओल्या केसांनी घरात फिरायची बंदी. मोरीचं दार बंद म्हणजे बंद. कपडे वाळत घालायचे ते शेजारणीच्या गच्चीत. डाळ-भात काही शिजवायचं नाही, पाव खायचा. चहा जिन्यात जाऊन प्यायचा. आणि खोलीत बोलायचं नाही.

"श्वासातून पाणी जातं," आत्या म्हणाली. "भांडताना दुप्पट जातं. काका, तुम्हाला काय बोलायचं असेल ते जिन्यात."

त्यामुळे दोन दिवस आमच्या घरातली सगळी भांडणं जिन्यात झाली. खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी निवडायला दाराशीच बसायला लागल्या. काकांनी दुकानातून ताईला सरावापुरता एक चेलो आणून दिला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, पण तारा जागेवर. ताईने तासभर वाजवला आणि बाहेर येऊन नुसती माझ्याकडे बघत राहिली. बोटं चालत होती. हात गेलेले नव्हते. मी तिला मिठी मारायला गेले, तर आत्या आतून ओरडली, की केस वाळलेत का.

गुरुवार संध्याकाळ, सात वाजता: छत्तीस ग्रॅम उरले. शुक्रवार सकाळ, सात: पंचवीस. आत्या रात्रभर खुर्चीतच होती, असं तिच्या आखडलेल्या मानेवरून दिसत होतं. खुंटी किंचित हलली. शुक्रवार दुपारी बारा: एकवीस. मी वहीतले आकडे मोठ्याने वाचायचे आणि आम्ही तिघी मॅच बघितल्यासारखं ओरडायचो, अर्थात जिन्यात. काका दर तीन तासांनी दुकान बंद करून यायचे, स्टीलच्या पट्टीने तारेची उंची मोजायचे आणि नाकातून आवाज काढायचे. आनंदाचा की दुःखाचा, ते कळायचं नाही. दुपारी दोनला ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक पिशवी होती. ती घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. कुणी लक्ष दिलं नाही.

तीन वाजता: एकवीस.

आत्याने काटा झटकून परत लावला. एकवीस. पाचला: बावीस.

वजन चढत होतं. ताईने हिशोब मांडला, उरलेले तास तेवीस, उरलेले ग्रॅम बावीस, आणि ते उलट्या दिशेने चाललेले. आत्याने थर्मामीटरची फळी भिंतीवरून उतरवली, पाण्याची बाटली बोटात अडकवली आणि घरभर फिरायला लागली. दर जागी थांबायची, वातीला वारा लागावा म्हणून फळी हलवायची, वाट बघायची. खोलीत सत्तावन्न. खोलीच्या दाराशी साठ. बोळात चौसष्ट. तिच्या मागे ताई, ताईच्या मागे मी, तिघी चवड्यांवर, चोर पकडायला निघाल्यासारख्या. स्वयंपाकघराच्या दारात फळी धरली आणि ती हळूच म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर."

आत रंधाकाका शेगडीसमोर स्टुलावर बसले होते. शेगडीवर आमचं मोठं पातेलं, त्यात खळखळ उकळतं पाणी, पाण्यात त्यांचा सरसाचा डबा. खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. मोठ्या प्रेमाने ते काडीने सरस ढवळत होते.

"चीर उकलली तर हाताशी असावा म्हणून," ते म्हणाले. "सरस गरमच लागतो. तीन तास ठेवलाय. पाणी कमी पडू दिलं नाही."

मला वाटलं, आता या पातेल्यासकट काका जिन्यावरून जाणार. आत्याने शेगडी बंद केली. खिडकी सताड उघडली. मग ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी.

"तुमचे तीन तास," ती म्हणाली, "माझे तीन दिवस. चला, माझ्यापेक्षा बरे आहात."

काकांना आधी राग आला, मग तेही हसले. ताई मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, तुम्हा दोघांनाही माझी फार काळजी आहे हे कळलं मला, आता कृपा करून शनिवार संध्याकाळपर्यंत कुणीही माझ्यासाठी काहीही चांगलं करू नका. मग आम्ही चौघं जिन्यात जाऊन चहा प्यायलो. त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा आत्याच्या शेजारी बसून काट्याकडे बघत राहिले. तिने त्यांना वातीचा थर्मामीटर वाचायला शिकवलं. त्यांनी तिला बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करून, फुगलेलं पोट आणि बसलेलं पोट यातला आवाज ओळखायला शिकवलं. दोघंही मन लावून शिकत होते, आणि समोरच्याला येतं तेवढं काही अवघड नाही, असा दोघांचाही चेहरा.

शनिवार सकाळी सात: अकरा. टकटक केल्यावर आवाज कोरडा आला, दोघांनी एकदमच मान डोलावली. दहाला: नऊ. खुंटी फिरली, ताईने चारही तारा सुरात लावल्या, आणि दोन दिवसांनी आमच्या घरात त्या चेलोचा खरा आवाज घुमला. खालच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. दोन वाजता: सहा ग्रॅम.

सहा ग्रॅम म्हणजे उतरलं म्हणायचं की नाही? काकांनी कानस काढली नाही, आत्याने विषय काढला नाही. ताईने चेलो पेटीत ठेवला, कडी लावली आणि म्हणाली, तिथे जाऊन बघू.

हॉलच्या मागे एक लांबट खोली होती, उमेदवारांना बसायला. आरसा, सहा खुर्च्या, आणि मंचावरच्यासारखाच भिंतीवरून गरम वारा फेकणारा एक हीटर. मला आठवतंय, आत शिरल्याबरोबर आत्याने दोन बोटं हवेत धरली आणि तिचा चेहरा उतरला. "तिशीच्या खाली," ती म्हणाली. ताईने चेलो बाहेर काढला. काकांनी खिशातून पट्टी काढून जाड तारेखाली धरली. डोळा बारीक केला. परत धरली.

"सात पूर्णांक आठ दशांश," ते म्हणाले. म्हणजे हवी त्यापेक्षा जराशी वर. केसाएवढी.

ताईने एक लांब सूर काढला. गोड लागला. दुसरा काढला, तिसऱ्या बोटाला थोडा जोर लागलेला मी पाहिला. आत्यानेही पाहिला. ती ताईच्या त्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग असं काही बोलली की माझा कानांवर विश्वास बसेना.

"काका, घासा."

"काय?"

"घोडी घासा. हलक्या हाताने. पाव मिलिमीटर."

काकांनी पट्टी खिशात टाकली. "आता? दोन दिवस माझा जीव खाल्लात, आणि आता घासा? अहो, सहाच ग्रॅम राहिलेत. इथली हवा बघा. वीस मिनिटांत खाली बसेल. मी टकटक करून बघितलंय."

"आणि नाही बसलं तर?"

"बसणार. तुम्हीच सांगत होतात की. घासलं आणि मग बसलं तर खरखर होईल, हे तुमचंच वाक्य आहे."

"माझ्या वाक्यावर जाऊ नका. सोमवारीही मला अशीच खात्री होती." आत्याने हात पुढे केला. "तिच्या बोटाला दुखतंय, काका. तुम्हाला लाकूड दिसतंय, मला बोट दिसतंय. द्या इकडे, नाहीतर मी घासते."

"तुम्ही घासणार? बाई, तुम्ही हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे."

काकांनी कानस पाठीमागे धरली. आत्या डावीकडून गेली, ते उजवीकडे वळले. आत्या उजवीकडून गेली. बाकीचे उमेदवार आपापली वाद्यं पोटाशी धरून भिंतीला चिकटले. एकाने तर मला विचारलं, हे परीक्षक आहेत का.

तेवढ्यात दार उघडलं. हातात यादी घेतलेल्या बाईंनी पुकारलं, "सात नंबर."

दोघंही जागच्या जागी थांबले. काकांचा हात पाठीमागे, आत्याचा हात त्यांच्या कोपरावर. दोघांनी एकदमच ताईकडे मान वळवली.

"ताई, तू सांग," आत्या म्हणाली. "घासायची की नाही?"

"सांग बेटा," काका म्हणाले. "तुझा चेलो आहे. मी ऐकेन. या पण ऐकतील."

ताईने एका हातात गज घेतला, दुसऱ्या हाताने चेलोची मान धरून तो तसाच, न घासता, उचलला, दार खांद्याने ढकललं आणि आत निघून गेली.